जुन्या नकाशातून ओळखा शिवाराचे पाणी
नाशिक रोड परिसरावरून स्थलनिर्देशक नकाशांचा एक अभ्यासपाठ

नवीन बाग लावण्यापूर्वी शेतकरी माती तपासून घेतो, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देतो, रोपवाटिका पाहून येतो. परंतु ज्या जमिनीत पुढची पंधरा वर्षे द्राक्षबाग उभी राहणार, त्या जमिनीचा जुना नकाशा मात्र क्वचितच पाहिला जातो. जमीन सपाट दिसते, ट्रॅक्टर आणि जेसीबीने ती एकसारखी केलेली असते, म्हणून ती पूर्वीपासून तशीच असावी असे आपण धरून चालतो. पुढे एखाद्या जोराच्या पावसाळ्यात बागेच्या मधल्या चार-सहा ओळींतच पाणी साचते, पांढऱ्या मुळ्या कुजतात आणि पाने पिवळी पडतात. शेजारच्या ओळी मात्र धडधाकट राहतात. अशा वेळी दोष खताला किंवा कलमाला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण असे असते की त्या ओळींखालून पूर्वी ओहोळ जात होता. ओहोळ बुजवला तरी पाण्याचा उतार बदलत नाही.

हा बुजलेला ओहोळ आज डोळ्यांना दिसत नसला तरी जुन्या स्थलनिर्देशक नकाशावर तो दिसू शकतो. हा नकाशा कसा मिळवावा, कसा वाचावा आणि त्याच्यावर किती भरवसा ठेवावा, याची माहिती या पाठात दिली आहे. उदाहरणासाठी नाशिक रोड आणि भोवतालची गावे घेतली आहेत. एकाच परिसरात लोहमार्ग, तीन नद्या, धरणाचे पाणी, कारखाने, शहराची वाढ आणि बागायत शेती असे सर्व काही येथे असल्याने नकाशाचा अभ्यास सोपा होतो. पद्धत मात्र कोणत्याही गावाला लागू पडते.

दोन नकाशे, दोन कामे

शेतकऱ्याच्या उपयोगाचे नकाशे मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. त्यांची गल्लत करू नये.

पहिला म्हणजे गावनकाशा. हा महसुली नकाशा असून त्यावर सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, बांध, शीव, गाडीवाटा आणि नाले दाखवलेले असतात. मुंबई इलाख्यात या मोजणीची घडी गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून १८३५-३६ च्या सुमारास बसवली. मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे १६ आणे पाडलेले होते. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आपला आजचा गुंठा त्या साखळीतूनच आलेला आहे. पुष्कळशा जुन्या गावनकाशांवर एक इंचाला २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट, असे प्रमाण असते. एक एकराचा चौरस तुकडा अशा नकाशावर सुमारे ८ मिलिमीटर बाजूचा दिसतो.

दुसरा म्हणजे स्थलनिर्देशक नकाशा. यालाच बोलीभाषेत टोपोशीट म्हणतात. हा भारतीय सर्वेक्षण विभाग तयार करतो. त्यावर मालकी नसते, गट नंबर नसतात. परंतु जमिनीचा उंचसखलपणा, नद्या, ओढे, विहिरी, तळी, रस्ते, लोहमार्ग, वस्त्या, झाडी आणि लागवडीखालील क्षेत्र दाखवलेले असते.

थोडक्यात, जमीन कोणाची आणि किती हे गावनकाशावरून पाहावे. जमीन कशी आणि तिच्यावरचे पाणी कोठे जाते हे स्थलनिर्देशक नकाशावरून पाहावे. दोन्ही शेजारी ठेवले तरच पूर्ण उपयोग होतो.

हे नकाशे कसे तयार झाले?

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ साली झाली. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन याने पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. एक रेषा अचूक मोजायची, तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यायचे आणि गणिताने पुढील अंतर काढायचे, अशी ही रीत होती. असे त्रिकोणांचे जाळे देशभर विणले गेले. हे काम चालू असतानाच १८२३ साली लॅम्ब्टनचा मृत्यू आपल्या राज्यातील हिंगणघाट येथे झाला. या त्रिकोणांच्या आधारावर पुढे गावे, नद्या व डोंगर नकाशात बसवले गेले.

१९०५ नंतर सर्वेक्षण विभागाने एक मैलास एक इंच या प्रमाणाचे रंगीत नकाशे करण्याचे काम हाती घेतले. जुने ‘एक इंची’ नकाशे म्हणतात ते हेच. स्वातंत्र्यानंतर मेट्रिक मापे आली, तेव्हा १:५०,००० हे प्रमाण ठरले. म्हणजे नकाशावरील २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील १ किलोमीटर. आपल्याला या दोन्ही पिढ्यांचे नकाशे उपयोगी आहेत.

नाशिक रोडचा नकाशा कोणता?

प्रत्येक स्थलनिर्देशक नकाशाला क्रमांक असतो. देश प्रथम ४ अंश लांब व ४ अंश रुंद अशा मोठ्या चौकटींत विभागला आहे. प्रत्येक मोठ्या चौकटीचे एक-एक अंशाचे १६ भाग पाडून त्यांना इंग्रजी अक्षरे दिली आहेत. त्या प्रत्येक भागाचे पुन्हा १५ मिनिटांचे १६ नकाशे होतात.

नाशिक रोड स्टेशन २० अक्षांशाच्या किंचित दक्षिणेस आणि ७३ अंश ५० मिनिटे रेखांशाच्या आसपास आहे. म्हणून ते ‘४७ ई/१३’ या नकाशावर येते. देवळाली, भगूर, विहितगाव, चेहेडी, पळसे ही गावे याच नकाशावर शोधावीत. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २० अक्षांशाची रेषा नाशिक शहराजवळूनच जाते. त्यामुळे शहराच्या उत्तरेकडील गावे ‘४६ एच/१६’ या वेगळ्या नकाशावर जातात. पूर्वेस ७४ रेखांश सिन्नरजवळून जातो. त्यापलीकडचा भाग ‘४७ आय/१’ वर, तर निफाड ‘४६ एल/४’ वर येते. आपले शिवार नकाशाच्या काठावर येत असेल तर शेजारचा नकाशाही घ्यावा. नाही तर ओढ्याचे उगमाकडील टोक हातातून सुटते.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठी खुल्या मालिकेचे नकाशे निघाले. त्यांच्या क्रमांकाची पद्धत वेगळी आहे, परंतु चौकट १५ मिनिटांचीच आहे. या मालिकेत लष्करी व संवेदनशील ठिकाणे गाळलेली असतात. देवळालीचा लष्करी परिसर आणि नाशिक रोडची मुद्रणालये लक्षात घेता या भागात हे विशेष ध्यानात ठेवावे. नकाशावरची कोरी जागा म्हणजे मोकळी जमीन, असा अर्थ काढू नये.

नकाशा वाचण्याची रीत

(१) प्रमाण : प्रथम प्रमाण पाहावे. १:५०,००० नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. एक हेक्टरचा चौरस तुकडा केवळ २ मिलिमीटर बाजूचा दिसतो, तर एक चौरस सेंटिमीटर म्हणजे २५ हेक्टर क्षेत्र होते. एक इंची नकाशावर एक चौरस इंच म्हणजे ६४० एकर.

(२) रंग : निळा रंग पाण्याचा. नदी-ओढ्याच्या पात्रात निळा रंग भरलेला असेल तर पाणी टिकणारे, आणि पात्र काळ्या रेघेने दाखवले असेल तर ते पावसाळ्यानंतर कोरडे पडणारे समजावे. पिवळा रंग लागवडीखालील क्षेत्राचा, हिरवा रंग झाडीचा, तांबडा रंग वस्त्यांचा व रस्त्यांचा असतो. लोहमार्ग काळ्या रंगात असतो. नेमके चिन्ह ओळखण्यासाठी नकाशाच्या तळाशी दिलेली चिन्हांची सूची पाहावी.

(३) समोच्च रेषा : तपकिरी रंगाच्या बारीक वळणदार रेषा म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा. मृदसंधारणाच्या कामात आपण ज्याला कंटूर म्हणतो तेच हे. रेषा जवळजवळ असल्यास उतार तीव्र आणि लांब असल्यास जमीन सपाट. मेट्रिक नकाशावर मैदानी भागात दोन रेषांत सहसा २० मीटर, तर जुन्या एक इंची नकाशावर ५० फूट अंतर असते. दोन रेषा नकाशावर २ सेंटिमीटर दूर असतील तर १,००० मीटरला २० मीटर, म्हणजे २ टक्के उतार झाला.

(४) रेषेचे वळण : समोच्च रेषा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी टोकदार वळत असेल आणि ते टोक चढाकडे असेल, तर तेथे ओहोळ किंवा लवण आहे. टोक उताराकडे असेल तर तो उंचवटा समजावा. ओहोळाची रेघ छापलेली नसली तरी या वळणावरून पाण्याची वाट समजते. संपूर्ण पाठातील ही सर्वांत महत्त्वाची खूण आहे.

(५) सापेक्ष उंची : लोहमार्गाचा भराव किंवा नदीकाठ यांच्याजवळ बारीक आकडा आणि त्यापुढे ‘आर’ अक्षर असते. भोवतालच्या जमिनीपेक्षा ती जागा किती उंच किंवा खोल आहे, हे त्यावरून समजते.

(६) सर्वेक्षणाचे वर्ष : नकाशा छापल्याचे वर्ष आणि प्रत्यक्ष सर्वेक्षणाचे वर्ष वेगवेगळे असते. दोन्ही नकाशाच्या कडेच्या मजकुरात दिलेली असतात. आपण सर्वेक्षणाचे वर्ष धरावे.

नकाशाचे वय खुणांवरून पडताळा

जुन्या नकाशाची प्रत अर्धवट मिळाली, कडेचा मजकूर कापला गेला असला, तरी या परिसरातील मोठ्या बांधकामांवरून त्याचा काळ ठरवता येतो.

दारणा नदीवर इगतपुरी तालुक्यात नांदगाव बुद्रुक येथे धरण झाले ते १९१६ साली. त्याचा जलाशय नकाशावर नसेल तर सर्वेक्षण त्यापूर्वीचे आहे. नाशिक रोडचे भारत प्रतिभूती मुद्रणालय १९२५ साली, तर चलार्थ पत्र मुद्रणालय १९२८ साली सुरू झाले. स्टेशन ते नाशिक शहर अशी ट्राम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली व १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस बंद पडली. गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झाले. एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्र १९७० च्या सुमारास उभे राहिले. १९८२ साली नाशिक महानगरपालिका स्थापन होऊन नाशिक रोड-देवळाली नगरपालिकेचा भाग तिच्यात आला आणि त्यानंतर मळ्यांच्या जागी वसाहती झपाट्याने वाढल्या.

अशा खुणांची यादी प्रत्येक गावाची तयार करता येते. गावातील शाळा, बंधारा, पूल, पाझर तलाव यांची वर्षे ज्येष्ठ मंडळींना विचारून वहीत लिहून ठेवावीत.

लोहमार्ग : पाण्याच्या वाटांचा साक्षीदार

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास गेली. पुढे कसाऱ्याच्या थळ घाटातील काम पूर्ण होऊन १८६५ साली मुंबई आणि इगतपुरी हे लोहमार्गाने जोडले गेले. इगतपुरीकडून आलेला मार्ग देवळालीवरून वालदेवी ओलांडून नाशिक रोडला येतो आणि पुढे ओढा, निफाडकडे ईशान्येस जातो. लोहमार्गाला सौम्य चढ-उतार लागतो. म्हणून तो शहराच्या वस्तीत न शिरता सोयीच्या जमिनीवरून काढला गेला, आणि शहरापासून काही किलोमीटर दूर असलेल्या या स्टेशनाभोवती वेगळे गाव वाढले. त्याचे नावच ‘नाशिक रोड’ पडले.

शेतकऱ्याच्या दृष्टीने येथे मोलाची गोष्ट निराळी आहे. लोहमार्गाचा भराव म्हणजे शिवारावर घातलेला मैलोगणती लांबीचा बांध. तो घालताना पाणी जेथे जेथे आडवे येत होते, तेथे तेथे पूल किंवा मोरी ठेवणे भाग होते. नाही तर पहिल्याच पावसाळ्यात भराव वाहून गेला असता. त्यामुळे मार्गावरील जुनी मोरी ही त्या काळच्या ओहोळाची पक्की खूण आहे. शेतकऱ्याने वरचा ओहोळ नांगरून सपाट केला, बिगरशेती करणाऱ्याने त्यावर भराव टाकला, तरी मोरी जागची हलत नाही.

म्हणून लोहमार्गालगत जमीन असलेल्यांनी पुढील तपासणी करावी. जुन्या नकाशावर मार्ग ओलांडणारे सर्व ओहोळ मोजावेत. त्यांपैकी प्रत्येक ओहोळ आज कोणत्या मोरीतून जातो हे रस्त्यावरून किंवा आपल्या शेतातून पाहावे. मोरी आहे पण तिच्याकडे येणारा ओहोळ शेतात दिसत नाही, असे आढळल्यास तो बुजला आहे हे निश्चित समजावे. मात्र रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना जाऊ नये. ते धोक्याचे तर आहेच, शिवाय रेल्वे कायदा १९८९ प्रमाणे गुन्हा आहे.

याची दुसरी बाजूही आहे. भरावामुळे चार लहान ओघळींचे पाणी एका मोरीकडे वळवले जाते. मोरीच्या खालच्या अंगाला असलेल्या शेतात त्यामुळे पाण्याचा लोंढा येतो आणि माती खरवडली जाते. अशा शेतात मोरीच्या तोंडापासून नाल्यापर्यंत गवताळ चर मोकळा ठेवावा. त्या पट्ट्यात बाग लावण्याचा मोह टाळावा. हीच गोष्ट नवीन महामार्ग व रिंगरोडलाही लागू आहे. रस्त्याचे काम सुरू असतानाच जुन्या नकाशावरील ओहोळ दाखवून मोरीची मागणी करावी. काम पूर्ण झाल्यावर मोरी मिळणे कठीण जाते.

दारणा, वालदेवी आणि गोदावरी

नाशिक रोडच्या दक्षिणेस व पूर्वेस दारणा, मधून वालदेवी आणि उत्तरेस दसक-पंचककडून गोदावरी वाहते. वालदेवी चेहेडीजवळ दारणेस मिळते आणि दारणा पुढे गोदावरीस मिळते. नकाशावर या नद्यांचा माग पश्चिमेकडे काढल्यास त्या सह्याद्रीच्या बाजूने येतात असे दिसेल. इगतपुरीस वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर नाशिकच्या पूर्वेकडील पट्ट्यात तो त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी असतो. म्हणून आपल्या शिवारात ऊन पडलेले असतानाही नदीला पूर येऊ शकतो.

सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ या महिन्यांत गोदावरीला मोठे पूर आले. खालच्या अंगाच्या सायखेडा, चांदोरी या गावांनी त्याची झळ सोसली. नदीकाठच्या शेतकऱ्यांनी या पुरांत पाणी आपल्या शेतात कोठपर्यंत आले होते ती रेषा नकाशाच्या नकलेवर पेन्सिलीने काढून वर्ष लिहावे. जुन्या नकाशावर नदीच्या वळणाजवळ सखल पट्टा किंवा सोडलेले पात्र दिसत असेल आणि पुराची रेषा तेथेच येत असेल, तर त्या पट्ट्यात पॅकहाऊस, गोठा, विजेची मोटर किंवा शेडनेट उभारू नये. हंगामी पिकासाठी त्याचा उपयोग करावा.

शेतीत प्रत्यक्ष उपयोग

(अ) बाग लावणे व सपाटीकरण : जुना ओहोळ शेतातून जात असल्यास त्या रेषेवर तीन-चार ठिकाणी दीड मीटर खोल खड्डे घ्यावेत. बाहेरून आणलेली भरावाची माती, खाली वाळू-गोटे किंवा निळसर-करडी चिकट माती आढळल्यास अंदाज पक्का झाला. तेथे बागेपूर्वीच निचऱ्याचा चर किंवा सच्छिद्र पाइप टाकावा आणि ओळींची दिशा निचऱ्याला धरून ठरवावी. बाग उभी राहिल्यावर हे काम करणे खर्चाचे आणि मुळांना अपायकारक ठरते.

(ब) विहिरीची जागा : आपल्याकडे काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट खडक आहे. पाणी कुजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत सापडते. ओढ्याकाठच्या सखल भागात हा थर बहुधा जाड असतो. जुन्या नकाशावर विहिरी कोणत्या पट्ट्यात दाटीने आहेत ते पाहावे. वीजपंपापूर्वीच्या काळात मोटेला पुरेल इतके पाणी वर असल्याशिवाय कोणी विहीर बांधत नसे. त्यामुळे जुन्या विहिरींची रांग ही उथळ भूजलाची खूण मानता येते. मात्र त्यावरून आज किती पाणी मिळेल हे ठरत नाही. अंतिम जागा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाच्या सल्ल्यानेच ठरवावी.

(क) जुने बंधारे व पाट : नाशिक आणि धुळे जिल्ह्यांत नदीवर लहान बंधारा घालून पाटाने पाणी देण्याची फड पद्धत जुनी आहे. जुन्या नकाशावर बंधारा किंवा पाट दिसल्यास आणि सातबाऱ्याच्या जुन्या नोंदीत ‘पाटस्थळ’ शब्द असल्यास, त्या पाटाची वाट शोधावी. पुष्कळदा ती आज झुडपाखाली असते आणि थोड्या खर्चात पुनर्भरणासाठी उपयोगी पडते.

(ड) शेततळे : शेततळ्यात किती पाणी येईल हे त्याच्या वरच्या पाणलोटावर अवलंबून असते. तळ्याच्या जागेपासून दोन्ही बाजूंच्या उंचवट्याची रेषा समोच्च रेषांच्या आधारे जोडत वरपर्यंत न्यावी. मिळालेल्या आकृतीवर सेंटिमीटरच्या चौकोनांचा पारदर्शक आलेख कागद ठेवून चौकोन मोजावेत. उदाहरणार्थ, २.४ चौकोन भरले तर पाणलोट ६० हेक्टर झाला. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस होऊन त्यातील ४० टक्के पाणी वाहून आले असे धरल्यास २० मिलिमीटर गुणिले ६० हेक्टर, म्हणजे १२,००० घनमीटर पाणी येईल. याउलट ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि बाजूंना एकास एक उतार असलेल्या तळ्यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी मावते. म्हणजे सुमारे साडेपाचपट पाणी येणार आणि एक हिस्सा मावणार. अशा तळ्याला पुरेसा रुंद सांडवा नसेल तर बांध फुटून खालच्या शेजाऱ्याचे नुकसान होईल. येथे तळे मुख्य ओहोळात न घेता बाजूला घेऊन चराने पाणी आत घ्यावे.

(इ) शिवरस्ते व पाणंदी : जुन्या नकाशावर गाडीवाटा व पायवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. गावनकाशावरील शिवरस्ता आणि टोपोशीटवरील गाडीवाट जुळत असेल तर वहिवाटीला बळकटी येते. बांधावरून रस्त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे, तर अडवलेला रस्ता मोकळा करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ प्रमाणे तहसीलदाराकडे दाद मागता येते. हेच कलम ५ शेतजमिनीवरील पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडवल्यासही लागू होते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो, ही मुदत विसरू नये. शेजाऱ्याने उन्हाळ्यात ओहोळ बुजवला आणि आपण पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबलो, तर मुदत निघून जाऊ शकते. तथापि प्रथम शेजाऱ्यास नकाशा दाखवून समजुतीने मार्ग काढावा. बुजलेल्या ओहोळाचे पाणी आज आपल्या शेतात आले, तर उद्या त्याच्याही शेतात तुंबते.

नकाशाच्या मर्यादा

१. स्थलनिर्देशक नकाशा हा मालकीचा किंवा हद्दीचा पुरावा नाही. नकाशावर पाव मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर साडेबारा मीटर रुंदी झाली. तीवरून बांधाचा वाद सोडवू नये. त्यासाठी उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करावा आणि फाळणी नकाशा, टिपण, गुणाकार बुक यांच्या नकला घ्याव्यात.

२. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर पुष्कळ गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना गावनकाशा पाहताना जुन्या-नव्या नंबरांचा मेळ आधी घालावा.

३. मोबाईलवरील अक्षांश-रेखांश जुन्या नकाशावर जसेच्या तसे मांडू नयेत. दोहोंचा गणिती आधार वेगळा असल्याने ठिकाण शंभर मीटर किंवा त्याहून अधिक सरकू शकते. त्याऐवजी पूल, मंदिर, लोहमार्गाची मोरी, तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, अशा न हललेल्या खुणा जुळवाव्यात.

४. फार लहान ओघळी या प्रमाणात दाखवलेल्या नसतात. नकाशावर नाही म्हणजे जमिनीवर नाही, असे मानू नये. पावसात स्वतः शेतात उभे राहून पाहणे याला पर्याय नाही.

शिवाराचा अभ्यास असा करा

१. आपल्या गावाचा जुना एक इंची नकाशा, १:५०,००० नकाशा आणि गावनकाशा अशा तीन प्रती मिळवाव्यात.

२. तिन्हींवर किमान चार न हललेल्या खुणा शोधून त्यांवर लाल खूण करावी.

३. जुन्या नकाशावरील सर्व ओहोळ ट्रेसिंग कागदावर निळ्या पेन्सिलीने गिरवावेत. गावनकाशाचे प्रमाण मोठे असल्याने चौकोनांच्या साहाय्याने ते मोठे करून त्यावर उतरवावेत. लहान प्रमाणावरून मोठे केलेले हे काम अंदाजाचेच असते, हे लक्षात ठेवावे.

४. आज जागेवर असलेले ओहोळ हिरव्या, तर नाहीसे झालेले तांबड्या पेन्सिलीने दाखवावेत.

५. तांबडी रेघ ज्या गटांतून जाते त्यांची यादी करावी आणि पावसाळ्यात त्या जागी पाणी साचते का, याची दोन हंगाम नोंद ठेवावी.

६. हा नकाशा ग्रामपंचायतीत लावावा. पाणलोटाची कामे, नवे रस्ते किंवा भूसंपादन यांवेळी अधिकाऱ्यांपुढे तो ठेवावा.

हे काम एकट्याने करण्यापेक्षा शेतकरी गटाने आणि शाळेतील वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांच्या मदतीने करावे. नकाशा वाचणे मुलांच्या भूगोलात असतेच. ज्येष्ठांना शिवारातील लवण, माळ, दरा यांची जुनी नावे ठाऊक असतात. दोघे एकत्र बसल्यास काम चोख होते.

नकाशे कोठे मिळतील?

स्थलनिर्देशक नकाशे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या विक्री केंद्रांतून मिळतात. खुल्या मालिकेचे नकाशे विभागाच्या संकेतस्थळावरूनही उतरवून घेता येतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भौगोलिक माहितीवरील बरेच निर्बंध सैल केले आहेत. फार जुने नकाशे मोठ्या ग्रंथालयांत व पुराभिलेखागारांत पाहावयास मिळतात. गावनकाशाची नक्कल तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात फी भरून मिळते.

द्राक्षबागेचा मांडव उभारण्यास लाखो रुपये लागतात. त्या मानाने नकाशाची प्रत, ट्रेसिंग कागद आणि दोन रंगीत पेन्सिली यांचा खर्च नगण्य आहे. तेव्हा पुढील लागवडीपूर्वी, सपाटीकरणाचे यंत्र शेतात येण्याआधी, शेतकरी बंधू-भगिनींनी आपल्या शिवाराचा जुना नकाशा एकदा अवश्य पाहावा आणि पाण्याची जुनी वाट पाण्यासाठी राखून ठेवावी.